किचनमध्ये उंदीर झालेत, घरात रांगणारं बाळ आहे, औषध ठेवू का?

कल्याणवाली:
पाऊस सुरू झाल्यापासून उंदरांनी वैताग आणलाय. सिंकखाली लेंड्या, बटाटे कुरतडलेले, आणि काल गॅसच्या पाइपवर पण दात लागल्यासारखं दिसलं. मुलगी दहा महिन्यांची आहे, जे दिसेल ते तोंडात घालते. सासूबाई म्हणतात बिस्किटाला औषध लावून ठेवू, मला धीर होत नाहीये.

अण्णा_ठाणे:
ताई आधी तो पाइप बघा, बाकी सगळं नंतर. रेग्युलेटर आत्ताच बंद करा आणि पाइप बदलेपर्यंत गॅस पेटवू नका. एजन्सीतून आतून तार असलेला केशरी सुरक्षा पाइप घ्या, त्यावर तारीख छापलेली असते ती बघून घ्या. कधी वास आला तर लाइट-पंख्याच्या बटणाला हात न लावता खिडक्या उघडायच्या आणि 1906 या गॅस गळतीच्या हेल्पलाइनला फोन. फ्रिजमागच्या वायरी पण तपासा, कुरतडलेल्या वायरने शॉर्टसर्किट होतं.

पीएचसी_सिस्टर:
औषध अजिबात नको. त्या पेस्टमध्ये बऱ्याचदा पिवळा फॉस्फरस असतो, त्याला उतारा नाही. मूल आधी उलट्या करतं, मग एखाद दिवस बरं वाटतं आणि घरचे निर्धास्त होतात, तेवढ्यात आतून लिव्हर गेलेलं असतं. तोंडात गेल्याची नुसती शंका आली तरी पाकीट घेऊन थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं, मीठपाणी पाजून उलटी काढत बसायचं नाही. पिंजराच लावा, तोही बाळाचा हात पोचणार नाही असा.
आणि लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. हातमोजे घालून एक भाग ब्लीच नि दहा भाग पाणी शिंपडा, पाच मिनिटं थांबा, मग कागदाने उचला, बाळाला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवा. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार होतो, 2005 च्या पुरानंतर मुंबईत केवढी साथ आली होती. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना घरात उंदीर आहेत हे आपणहून सांगा.

कल्याणवाली:
पाइप बदलायला सांगितला, आज इंडक्शनवर भागवलं. पण येतात कुठून तेच कळत नाही, दार तर बंदच असतं.

अण्णा_ठाणे:
सिंकचा पाइप भिंतीत जातो तिथे बघा, पेन्सिल जाईल एवढी फट त्यांना पुरते. स्टीलची घासणी ठासून वरून सिमेंट लावा, नुसता बोळा ते ओढून काढतात. मोरीला जाळी बसवा, बटाटे झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि सोसायटीला कचऱ्याच्या जागेबद्दल लेखी द्या, तिथे घाण राहिली तर पुन्हा येणारच.