आत्म-करुणेच्या सरावाने स्वतःच्या शरीराविषयीची नाराजी खरोखर कमी होते का?

तापीकाठची: मी अमळनेर तालुक्यात राहते, वय 36, दोन बाळंतपणे झालेली. यंदा आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी गेले, तेव्हा झोक्याला हात लावण्याआधीच एका मावशींनी सगळ्यांसमोर "कितली जाडी व्हई गयी वं!" असे म्हटले, आणि पुढचे दोन्ही दिवस मी प्रत्येक फोटोत मागच्या रांगेत उभी राहिले. लग्नाआधी रंगावरून ऐकत होते, आता पोटावरून ऐकते. समुपदेशक बाईंनी आत्म-करुणेचा सराव सुचवला आहे, परंतु स्वतःशी गोड बोलत राहिल्याने मी उलट आळशी होईन अशी भीती वाटते.

केळीबाग: मी मानसशास्त्र शिकवते. करुणा म्हटले की आपल्याला कीव आठवते, आणि घोटाळा तिथेच होतो. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये मांडलेल्या आत्म-करुणेच्या व्याख्येत तीन गोष्टी आहेत: स्वतःशी मायेने वागणे, असे दुःख इतरांच्याही वाट्याला येते हे ओळखणे, आणि ते न दडपता व न फुगवता त्याच्याकडे पाहणे. कीव करणारा "माझ्याच नशिबी का" असे म्हणतो, म्हणजे दुसरी गोष्ट विसरतो.

तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा एक प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 228 स्त्रियांपैकी एका गटाने तीन आठवडे रोज सुमारे 20 मिनिटे आत्म-करुणेचे ध्वनिमुद्रित ध्यान ऐकले आणि दुसरा गट प्रतीक्षा यादीत राहिला. ऐकणाऱ्या गटात शरीराविषयीची नाराजी व लाज अधिक कमी झाली आणि तीन महिन्यांनीही तो फरक टिकून होता. मात्र तुलना नुसत्या थांबलेल्या गटाशी होती आणि बऱ्याच जणींनी सराव मध्येच सोडला, म्हणून मी या निष्कर्षाला पक्का पुरावा न म्हणता आशादायक म्हणेन. आळसाचे म्हणाल, तर ब्रेइन्स आणि चेन या संशोधकांच्या 2012 च्या एका प्रयोगात, अवघड परीक्षेत कमी पडल्यावर स्वतःकडे करुणेने पाहायला सांगितलेल्या विद्यार्थ्यांनी पुढच्या परीक्षेसाठी उलट जास्त वेळ अभ्यास केला.

भुसावळची आजी: हे सगळे मान्य, पण मावशींनी बोलायचे आणि लेकीने ध्यान करायचे, हा न्याय मला पटत नाही. तरीही सराव मी केला आहे. पायांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे प्रेमाने लक्ष न्यायचे असते. पोटाशी आले की मन अडायचे, म्हणून पहिला आठवडा मी गुडघ्यांवरच थांबले, कारण त्यांनी चाळीस वर्षे शेताची वाट तुडवली होती आणि त्यांचे आभार मानणे सोपे गेले. नळाला पाणी येण्याची वेळ मात्र टाळा, नाहीतर सगळे लक्ष हंड्यात.

केळीबाग: आजींचा आक्षेप रास्त आहे, सराव टोमणा थांबवत नाही, टोमण्यानंतर आपणच तो दिवसभर स्वतःला ऐकवत राहतो, ते थांबवू पाहतो. ताई, जेवण टाळणे किंवा खाल्लेले मुद्दाम उलटून काढणे सुरू असेल, तर केवळ ध्यानावर राहू नका, डॉक्टरांना दाखवा.

तापीकाठची: तसे काही नाही. दुपारी मुले शाळेत असताना 20 मिनिटे निघतील. आजी, मी तळहातांपासून सुरुवात केली तर चालेल का? भाकरी थापताना तेवढेच मला स्वतःचे आवडतात.