पत्रकारिता शिकायला गेलेल्यांनो, नेमकं काय शिकलात?

भाचीची बारावी झाली. तिला पत्रकारिताच करायची आहे आणि त्यावरून घरात रोज जेवताना पंचायत बसते. फी, प्लेसमेंट वगैरे चौकशी तिचे बाबा करतायत, ती नको. ठाणे-नवी मुंबईतून ज्यांनी हे शिक्षण घेतलं, मग ते इथल्या कॉलेजातलं बीएमएम, म्हणजे मास मीडियाची पदवी असो (आता त्याला बीएएमएमसी म्हणतात), कलिन्याच्या विद्यापीठातलं एमए असो की मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम, त्यांनी या धाग्यावर एक प्रसंग लिहा. ज्या दिवशी डोक्यात काहीतरी लख्ख झालं, असा. लांबलं तरी चालेल.

तलावपाळी

बीएमएम, ठाणे. पहिल्याच असाइनमेंटला मॅडम म्हणाल्या, जांभळी नाक्यावर जा आणि बातमी आणा. मी दीड पान लिहिलं. ओली कोथिंबीर, उतरणारे टेम्पो, घामाने थबथबलेल्या बिचाऱ्या भाजीवाल्या. मला वाटलं, वर्गात वाचून दाखवतील.

मॅडमनी 'बिचाऱ्या'भोवती लाल गोल केला. "त्या म्हणाल्या का तुला, आम्ही बिचाऱ्या आहोत म्हणून?" नाही. "जुडी केवढ्याला आणली, कितीला विकली?" माहीत नाही. "नाव?" एकीचं होतं, आडनाव नव्हतं. परत पाठवलं.

दुसऱ्यांदा वही घेऊन गेले. एका मावशींनी जुड्यांचा सगळा हिशेब बोटांवर करून दाखवला. रोज फाडली जाणारी पावती दाखवली, कुठल्या दिवशी माल उरतो आणि उरलेल्याचं काय करतात तेही सांगितलं. आणि वर मलाच विचारलं, "पोरी, सकाळपासून काही खाल्लंस का?" बिचारी कोण, ते तिथेच ठरलं.

गावठाणातला

आमचं घणसोली गाव नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाच्या आधीचं, सेक्टर नंतर आले. एमएला होतो तेव्हा ट्रान्सहार्बरने ठाणे, तिथून कुर्ला, कुर्ला पश्चिमेला उतरून शेअर रिक्षाने कलिना. अर्धा अभ्यास गाडीत झाला, उभ्याने.

प्रबंधिकेला विषय घेतला जानेवारी १९८४च्या आंदोलनाचा. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली नवी मुंबईसाठी जमिनी गेलेले शेतकरी उरण-जासईच्या बाजूला रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, ५ जण गेले. पुढे, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत देण्याची योजना आली ती याच लढ्यामुळे. बाहेरच्यांना 'साडेबारा टक्के' म्हणजे बिल्डरच्या जाहिरातीतला शब्द वाटतो, म्हणून एवढं सांगितलं.

तर मी जुन्या पेपरांच्या फायली काढून पट्टीने कॉलम सेंटिमीटर मोजत होतो. कुठल्या पेपरने किती जागा दिली, पोलिसांचं म्हणणं किती, गावकऱ्यांचं किती. आशय विश्लेषण म्हणतात त्याला. तीन महिने हेच. एकदा रात्री तक्ते पसरून बसलो होतो, आजाने विचारलं काय करतोस. सांगितलं. तो म्हणाला, "आमचे घरान पेपर येतच नवता."

मग तुम्हाला कळलं कसं?

"उरणचा सोयरा आलता सांगाला."

गाइडना हे गंमत म्हणून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ज्यांच्याबद्दल छापलं त्यांच्यापर्यंत छापलेलं पोचलंच नाही, तर तू मोजतोयस काय? एक प्रकरण नव्याने लिहावं लागलं. त्यासाठी गावातल्या अकरा म्हाताऱ्यांशी बोललो. त्यातले आता दोघेच आहेत. सेंटिमीटरचे आकडे मला आज एकही आठवत नाही.

सोनखाडी

माझं छोटं आहे. पहिली बायलाइन आली, म्हणजे बातमीवर माझं नाव छापून आलं, आईने कात्रण लॅमिनेट करून आणलं. मागच्या बाजूला कुणाच्या तरी दशक्रिया विधीची जाहिरात होती, तीही लॅमिनेट झाली. बाबा मुद्दाम पाहुण्यांना मागची बाजू दाखवायचे.

मुद्रितशोधक

इथे सगळे गोड लिहितायत, म्हणून जरा कडू. तीन वर्षं इंग्रजीतून शिकलो. माध्यमांचा अभ्यासक मॅक्लुहान परीक्षेत धडाधड लिहायचो. पहिल्या नोकरीत मराठी डेस्कवर बसवलं, तर 'ज्ञ' कुठल्या बटणावर असतो तेही माहीत नव्हतं. एजन्सीची इंग्रजी बातमी आली, मंत्री फाइल अडवून बसल्याची. मी लिहिलं, 'मंत्री फाइलवर बसले'. पान लागायच्या आत वरिष्ठांनी पकडलं म्हणून वाचलो. पण महिनाभर मी खुर्चीत टेकलो की कुणीतरी विचारायचं, फाइल सापडली का?

भाचीला सांगा, कॉलेज कुठलंही घे, पण रोज एक पान मराठीत लिही आणि मराठी जाणणाऱ्या माणसाकडून तपासून घे. हे अभ्यासक्रमात असेल या भरवशावर राहू नकोस.

पामबीच

कायद्याचा पेपर आम्ही रट्टा मारून काढला. उपयोगी पडला तो एका लोकल चॅनेलवर असताना, इकडेच नवी मुंबईत. लहान मुलीवरच्या अत्याचाराची बातमी होती. नाव दिलं नव्हतं, चेहरा नव्हता, सगळे निर्धास्त. पण स्क्रिप्टमध्ये सेक्टर होता, सोसायटीचं गेट दाखवलं होतं आणि मुलगी कितवीत, कुठल्या शाळेत तेही होतं. आता नवी मुंबईत सेक्टर, सोसायटी आणि शाळा सांगितल्यावर नाव लपवून उरलं काय?

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्याचं कलम २३ मला अचानक आठवलं. नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही देता येत नाही. मी सर्वांत ज्युनिअर. "कलम शिकवू नकोस" हे ऐकून घेतलं. फोनवर कायद्याचा मजकूर काढून समोर धरला, तेव्हा गेट कापलं. शाळाही कापली. सेक्टर मात्र राहिलाच. तो राहिल्याचं अजून टोचतं. थोडं आणखी भांडायला हवं होतं.

तलावपाळी

पामबीच, आमच्या वर्गात कायद्याला शेवटचा बाक भरलेला आणि पहिला रिकामा असायचा. वाचून लाज वाटली.

निवृत्तीपूर्व

मी मुक्त विद्यापीठातून केलं, वयाच्या ४६व्या वर्षी, बँकेतली नोकरी सांभाळून, रविवारच्या वर्गांना बसून. सगळ्यांनी माहिती अधिकाराचा एकेक अर्ज करायचा होता. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. मी आमच्या गल्लीच्या गटाराचा खर्च विचारला. उत्तर आलं तेव्हा निकाल लागून गेला होता, आणि ते दुसऱ्याच गल्लीचं होतं. त्या गल्लीत नेऊन दिलं. त्यांनी पुढचा अर्ज केला.

धागाकर्ता

भाची सगळं वाचतेय. तलावपाळींचं वाचून काल स्वतःच जांभळी नाक्यावर गेली. अडीच तासांनी उगवली, हातात मेथीच्या दोन जुड्या. वहीत भाव आहेत, चार नावं आहेत, आडनावांसकट. 'बिचारी' दोनदा लिहिलंय, त्यातलं एक तिनेच खोडलंय.

तलावपाळी

दुसरं का ठेवलं ते विचारा तिला.