मदत हवी आहे: लहान हॉस्पिटलात साथीच्या वेळी स्टाफचा जीव कसा सांभाळायचा?

नमस्कार मंडळी. सोलापुरात एका खासगी हॉस्पिटलात मी इन्चार्ज सिस्टर आहे. पुन्हा साथ आली तर तयारी काय, असा विषय मीटिंगमध्ये निघाला आणि नेहमीप्रमाणे काम माझ्या गळ्यात पडलं. सर म्हणाले, "सिस्टर, मास्क आणि किटचा स्टॉक काढून ठेवा, झालं." मला ते पटत नाही. आमची खरी अडचण हवेची आहे.

आयसोलेशनची खोली २० बाय १५ फूट, उंची १०. एकच खिडकी, तीही धुळीमुळे कायम बंद. स्प्लिट एसी बाहेरची हवा घेत नाही, आतलीच गार करून फिरवतो. परवा उदबत्ती पेटवून दारात धरली, तर धूर सरळ नर्सिंग स्टेशनकडे! म्हणजे पेशंट खोकणार आणि आम्ही टेबलावर बसून ते ओढणार.

अशा खोलीत तासाला १२ वेळा हवा बदलावी म्हणतात. खोली ३००० घनफुटांची, म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट ओढणारा एक्झॉस्ट लागेल. हिशोब बरोबर आहे का? मालकांना लाइटबिलाची काळजी. एसी बंदही ठेवता येत नाही, मे महिन्यात इथं पारा ४३-४४ वर जातो. २०२० च्या उन्हाळ्यात ग्लोव्हज काढले की बोटांच्या टोकांतून घाम ओघळायचा. थकलेला माणूस किट काढतानाच गडबड करतो, आणि आमच्याकडे किट चढवायची नि काढायची जागा एकच, जिन्याखालची. त्यावर काही तोडगा?

दुसरं, मावशींचं. मी सलाइन लावून बाहेर येते. भांडं देणं, चादरी बदलणं, फरशी पुसणं सगळं त्या करतात, आणि एन-९५ मात्र आम्हाला, त्यांना साधा मास्क. शिवाय त्या एजन्सीच्या, आमच्या मस्टरवर नावच नाही. मार्च २०२० मध्ये केंद्राने ५० लाखांचा विमा काढला होता, त्यात कोविडचा लॅब रिपोर्ट आणि संस्थेचा दाखला लागायचा. उद्या तशी वेळ आली तर ही बाई या वॉर्डात होती हे दाखवायचं कशावरून? रोजची नोंद कशी ठेवावी?

निगेटिव्ह प्रेशरचे (खोलीतला हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी ठेवणारे) मोठे प्लँट सुचवू नका, बजेट नाही.

प्रतिसाद १
ताई, हिशोब बरोबर आहे. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखान्यांचं डक्टिंग, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या नळ्यांचं काम करतो. पंख्यावर बहुधा तासाचे घनमीटर लिहिलेले असतात. तुमचे ६०० म्हणजे साधारण १०२०. तो आकडा मोकळ्या पंख्याचा असतो, जाळी-डक्ट लागलं की कमी पडतो, म्हणून एक साइझ मोठा घ्या. दार बंद ठेवायचं, पण खाली फट हवी, नाहीतर पंखा नुसताच फिरेल. मग त्या फटीशी पुन्हा उदबत्ती धरा, धूर खोलीत ओढला गेला पाहिजे. खिडकीबाहेर काय आहे?

धागाकर्ती
आभारी आहे, दादा. खिडकीखाली भजीची गाडी असते, कायम गर्दी. गच्चीपर्यंत डक्ट न्यायचं तर दोन मजले चढवावं लागेल. तेवढ्यात पंख्याची ओढ किती कमी होईल? आणि मावशींच्या नोंदीबद्दल कुणीच बोललं नाही, एचआरमधले कुणी आहेत का इथं?