देवाला क्षमा करायला बळी का लागतो?

प्रश्न
मैत्रिणीसोबत गुड फ्रायडेच्या प्रार्थनेला गेले होते. येशूने आपल्या पापांसाठी प्राण दिले, असं तिथे वारंवार आलं. देव सर्वशक्तिमान आहे, मग नुसती क्षमा का करत नाही? निष्पापाच्या रक्ताने शांत होणारा देव मला समजत नाही. टीका नाही, खरंच जाणून घ्यायचंय.

वसईकरीण
ताई, मी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देते, तीही हेच विचारतात. रागावलेला देव आणि मध्ये पडून मार खाणारा तिसराच कोणी, अशी आमची श्रद्धा नाही. क्रुसावर देव स्वतः आहे. कुणी माझे पैसे बुडवले आणि मी ते माफ केले, तर तोटा माझाच ना? क्षमा करणाराच तो सोसतो.

वर्गात मी फादर मॅक्सिमिलियन कोल्बेंबद्दल सांगते. १९४१, ऑशविट्झ, नाझींची छळछावणी; फादर तिथे कैदी होते. एक कैदी पळाला म्हणून दहा जणांना उपाशी मारायचं ठरलं. त्यातला फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक बायकामुलांच्या आठवणीने रडू लागला. कोल्बे रांगेतून पुढे आले, म्हणाले, याच्या जागी मला घ्या. १४ ऑगस्टला विषारी इंजेक्शन देऊन त्यांना मारलं. गायोव्हनिचेक १९९५पर्यंत जगले; १९८२ साली रोममध्ये कोल्बेंना संत घोषित केलं तेव्हा ते हजर होते. त्यांची दोन्ही मुलं मात्र युद्धातच गेली होती. हेही मी मुलांना सांगते, लपवत नाही.

प्रश्नकर्ती
पण कोल्बेंना नाझींनी मारलं. इथे तर देवाचीच योजना म्हणतात!

नगरचा वाचक
मी प्रोटेस्टंट. आमच्या उपदेशांत 'आपला दंड येशूने भरला' यावर भर असतो. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म या धर्मपंडिताने पापाच्या भरपाईचा विचार मांडला, पुढे धर्मसुधारकांनी तो दंडाकडे नेला. नायसीन मतांगीकारात, म्हणजे चर्चच्या प्राचीन श्रद्धाकथनात, मात्र येशू आमच्या तारणासाठी आला, एवढंच आहे. ते कसं घडतं, याचा एकच खुलासा तिथे बांधलेला नाही.

वसईकरीण
येशूला मारलं रोमन सुभेदार पिलाताच्या शिपायांनी, आणि तो अन्यायच होता. पण बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, माझा प्राण कुणी हिरावून घेत नाही, मी आपण होऊन देतो. मला देवाची योजना या देण्यात दिसते, खिळे ठोकण्यात नाही.

लूकच्या शुभवर्तमानाचा २३वा अध्याय वाचा. शेजारच्या क्रुसावरच्या गुन्हेगाराकडे भरपाईला वेळच उरलेला नाही, तरी त्याला सुखलोकाचं वचन मिळतं. यावर मुलं हमखास भांडतात: मग आयुष्यभर चांगलं वागायचं कशाला? तुम्हाला काय वाटतं, वाचून सांगा.