'जिन' आणि 'जिनिंग': शब्द एकच की दोन?

प्रश्न: वणी-हिंगणघाटकडे जुनी माणसं 'कापूस जिनात नेला' म्हणतात, आताची 'जिनिंगवर नेला' म्हणतात. फरक काय? दारूच्या जिनशी याचा संबंध आहे का?

उत्तर: दारूशी अजिबात नाही. ती जिन ज्युनिपर झुडपाच्या नावावरून आली. कापसाचं जिन म्हणजे कापसातली सरकी (बी) वेगळी करायचं यंत्र, आणि शब्द म्हणून ते 'इंजिन'च. लॅटिन 'इंगेनियम' म्हणजे उपजत बुद्धी. त्यावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत युक्तीच्या साधनाला 'एंजिन' म्हणू लागले. पुढे पहिलं अक्षर गळून 'जिन' उरलं. सापळ्यालाही इंग्रजीत जिन म्हणतात. एली व्हिटनी या अमेरिकन संशोधकाने १७९३ मध्ये सरकी काढायचं यंत्र केलं, तेव्हा त्याला 'कॉटन जिन' हेच नाव मिळालं. म्हणजे विहिरीवरचं इंजिन न् कापसाचं जिन मुळात एकच शब्द; आपण तो दोनदा उसना घेतला.

दुसरं उत्तर: वापराचं सांगतो. इंग्रजीत जिन हे यंत्र, जिनिंग ही क्रिया, कारखाना 'जिनरी'. आपल्याकडे 'जिनरी' कोणी म्हणत नाही. जिनिंग हीच जागा झाली. 'जिनिंग आज बंद आहे' हे अस्सल मराठी वाक्य आहे, त्याला चूक म्हणू नये. क्रियेसाठी 'रेचाई' हा चांगला शब्द आहे, तो लिहिण्यात यायला हवा. काही भाषांतरांत जिनिंगला 'पिंजणं' लिहितात, ते मात्र साफ चूक. पिंजतात ती सरकी निघालेली रुई.

भर: आपल्याकडचं बहुतेक यंत्र व्हिटनीच्या दातेरी पद्धतीचं नाही, दुहेरी रुळाचं आहे. चामड्याचा खरबरीत रूळ तंतू ओढतो, त्याला टेकलेली स्थिर सुरी सरकी अडवते, हलती सुरी तिला ठोकून खाली पाडते. सुऱ्यांचं अंतर बिघडलं की सरकी फुटते आणि तिची टरफलं रुईत जातात. दवात वेचलेला ओला कापूस रुळाला गुंडाळतो, म्हणून ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास बघतात. क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई पडते, बाकी बहुतेक सरकी. १७० किलोची एक गाठ बांधायला पाचेक क्विंटल कापूस लागतो.

त्यामुळे 'जिनिंग-प्रेसिंग' एका दमात म्हणत असलो तरी कामं दोन आहेत: गाठ बांधणं प्रेसिंगचं, जिनचं नाही.