मदत हवी आहे: वाईनचं बूच अर्धं तुटलंय, ओपनर मोडलाय (तातडीचं)

मीठभाकरी | शनिवार, संध्याकाळी ६:५२

आम्ही सात जण दापोलीजवळ कर्द्याला आलोय. भाड्याचं घर आहे, समुद्र हाकेच्या अंतरावर, फोनला रेंज फक्त पडवीच्या डाव्या कोपऱ्यात. तिथेच उभी राहून लिहितेय, त्यामुळे चुकांकडे दुर्लक्ष करा.

आज आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली. धाकटी बहीण पोर्तुगालमध्ये, पोर्तोला असते. तिने पाच वर्षांपूर्वी येताना तिकडच्या दोउरू खोऱ्यातली लाल वाईन आणली होती, ती याच दिवसासाठी राखून ठेवली. राखून म्हणजे हॉलमधल्या शोकेसमध्ये, समई आणि माझ्या वक्तृत्वाच्या ढालीच्या मध्ये, उभी.

ओपनर मी आठवणीने बॅगेत टाकला होता. तो दोन हातांचा, मळसूत्र फिरवत गेलं की बाहुल्यासारखे हात वर करतो तो. ऑनलाईन, स्वस्तातला. मळसूत्र आत गेलं, हात वर आले, खाली दाबले तर कट्टकन आवाज. एका हाताचे दाते साफ गेले. मग नवऱ्याने बाटली गुडघ्यांत धरून नुसतंच ओढलं, तर मळसूत्र बुचाचा मधला भाग भुशासारखा घेऊन बाहेर आलं. सुरीने टोकरून वरचा अर्धा इंच तुकडा निघाला. आता गळ्यात साधारण सव्वा इंच बूच आहे, मध्ये भोक, कडा घट्ट.

दापोलीला जाऊन यायला तासभर तरी जाणार आणि या वेळी तिथे ओपनर मिळेलच असं नाही. शेजारची दोन घरं विचारून झाली. जेवण साडेआठला. हाताशी आहे ते असं: गाडीतली हत्यारं, पक्कड, स्वयंपाकघरातलं सगळं, आणि घराची देखभाल करणारे दादा, जे आत्ता कोयता घेऊन दारात उभे आहेत. "वहिनी, मान उडवू काय? शहाळ्यासारखी." मी नको म्हटलंय, पण "शॅम्पेन तलवारीने उघडतातच की" म्हणत नवरा त्यांच्या पक्षात गेलाय.

लवकर सांगा.

चिंचगुळ | ६:५६

आधी कोयता आत ठेवायला सांगा. बाकी नंतर.

अर्धा_कप | ७:०१

सोप्पंय. बाटलीचं बूड बुटात घाला आणि बाटली आडवी धरून बूट भिंतीवर आपटा. दहा-बारा दणक्यांत बूच बाहेर येतं. व्हिडिओ ढिगाने आहेत. होस्टेलला आम्ही हेच करायचो.

मीठभाकरी | ७:०३

भिंती जांभ्याच्या आहेत. आणि आम्ही सगळे चपलांवर.

नाशिकचा_वारा | ७:०९

बूट राहू द्या. ती युक्ती खोटी नाही. दर आपटीला आतली वाईन बुचावर खालून धडकते आणि बूच मिलिमीटरभर सरकतं. पण त्यासाठी बूच अखंड लागतं. तुमच्या बुचाला भोक आहे, तिथून चिळकांडी उडेल. शिवाय काच फुटली तर ती तुमच्या हातातच फुटणार. जांभ्याचा खडबडीत दगड तर नकोच. लायटरने मान तापवा असंही कोणीतरी सांगेलच, तेही करू नका. एकाच बाजूने तापलेली काच कधी तडकेल सांगता येत नाही.

कोयत्याबद्दल. शॅम्पेनच्या बाटलीत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. तलवार काच कापत नाही. ती सांध्यावरून घासत जाऊन मानेच्या वरच्या कड्याला धडकते, तिथे तडा जातो आणि आतला दाब कडं बुचासकट उडवून देतो. त्या दाबामुळेच काचेचे कण आत न पडता बाहेर फेकले जातात. तुमच्या वाईनला बुडबुडे नाहीत, म्हणजे दाब नाही. मान उडाली तर उडेल वेडीवाकडी, आणि चुरा सगळा वाईनमध्ये. दादांना सांगा, शहाळ्याला काच नसते.

मी दिंडोरीकडच्या एका वायनरीत बाटल्या भरायच्या विभागात चार वर्षं काढलीत, म्हणून थोडं अधिकाराने बोलतोय. बूच मुळात २४ मिलिमीटर जाड असतं. यंत्राचे जबडे ते चेपून बारीक करतात आणि साडेअठरा मिलिमीटरच्या गळ्यात ढकलतात. आत गेलं की ते फुगून काचेला धरतं. बाटली आडवी ठेवली तर वाईन बुचाला लागून राहते आणि ते ओलं, लवचिक राहतं. पाच वर्षं उभी म्हटल्यावर ते सुकून रस्कासारखं झालंय. ओपनरचा दोष निम्माच.

आता उपाय. लाकडात बसवायचा, मोठ्या आट्यांचा दोन इंची स्क्रू शोधा. बारीक आट्यांचा मशीनचा स्क्रू नको, तो भुसाच पाडेल. त्याहून उत्तम म्हणजे भिंतीत कपड्यांच्या दोरीसाठी बसवतात तो आट्यांचा आकडा. जुन्या भोकात घालू नका. कडेला, थोडा तिरपा घाला, म्हणजे बूच काचेशी दाबलं जाऊन फुटणार नाही. आकड्यात उलथन्याचा दांडा अडकवा आणि सरळ वर, सावकाश ओढा. हिसका नको.

खडूस_आजोबा | ७:१४

वर सांगितलंय ते बरोबर, एक भर घालतो. ओढायच्या आधी बूच जागच्या जागी जरासं फिरलं पाहिजे, म्हणजे काचेची धरलेली पकड सुटते. १७९५ साली सॅम्युअल हेन्शल नावाच्या इंग्रज पाद्र्याने कॉर्कस्क्रूचं पेटंट घेतलं, त्यात नवीन इतकंच होतं: मळसूत्राच्या वर एक चकती. चकती बुचाला टेकली की मळसूत्र पुढे जात नाही, बूचच फिरायला लागतं. आकडा बुडापर्यंत गेल्यावर आणखी पाव वेढा द्या. बूच हललेलं हाताला कळेल.

आणि बाटली नक्की साधी लाल आहे ना? टॉनी पोर्ट (तिकडचीच गोड, जास्त कडक वाईन) असेल तर तिला सहसा वर प्लॅस्टिकची टोपी असलेलं बूच असतं, नुसत्या हाताने निघतं. तुम्ही उगाच मळसूत्र घातलं असेल तर आधीच सांगा, हसून घेतो.

मीठभाकरी | ७:१६

साधी लाल. एवढंही काही नाही हां आजोबा. आकडा शोधतोय.

अलफान्सो_परदेशी | ७:२२

मी लिस्बनमध्ये राहतो, म्हणून राहवत नाही. जगातलं निम्मं बूच याच पोर्तुगालमधून येतं. झाड एक प्रकारचा ओक, तोडत नाहीत, नुसती साल काढतात. पहिली साल झाड पंचविशीत आल्यावर, मग दर ९ वर्षांनी, आणि बाटलीच्या लायकीचं बूच तिसऱ्या सालीपासून मिळतं. म्हणजे झाडाने चाळिशी ओलांडलेली असते. साल काढली की लालसर बुंध्यावर पांढऱ्या रंगात त्या वर्षाचा शेवटचा आकडा लिहितात, म्हणजे पुढची पाळी केव्हा ते विसरायला होत नाही. अलेन्तेजू भागात गाडीने जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आकडे लिहिलेली झाडं दिसतात, आपल्याकडे रस्तारुंदीच्या आधी झाडांवर नंबर टाकतात ना, तशी. फरक इतकाच की ही पुढच्या वेळीही तिथेच असतात.

चिंचगुळ | ७:२५

अवांतर: आपल्याकडचं बुचाचं झाड ते हे नव्हे. पांढऱ्या लांब देठाच्या सुवासिक फुलांचं, ज्यांच्या वेण्या शाळेत करायचो. पण त्याचीही साल जाड आणि भुसभुशीत असते, आणि बूच म्हणून वापरायचे म्हणूनच नाव बूच. हलक्या प्रतीचं.

मीठभाकरी | ७:४१

अवांतर नंतर! बातमी अशी: पडवीच्या खांबाला दोरीचा आकडा होता, दादांनीच काढून दिला. (कोयता अजून कमरेला आहे.) तिरपा घातला, पाव वेढा दिला, बूच खरंच हललं. सगळे ओरडले. मग ओढलं तर एका बाजूची उभी चकती निघून आली, आकडा मोकळा. आता साधारण पाऊण इंच उरलंय, एका बाजूने झिजलेलं. आकडा पुन्हा लागायला जागाच नाही. दुसऱ्या बाजूने घालू का?

नाशिकचा_वारा | ७:४६

नको. आता काढायचा नाद सोडा, आत ढकला. बूच आत पडल्याने वाईनचं काही बिघडत नाही. गेली पाच वर्षं ते तिच्या डोक्यावरच बसलं होतं.

पण हे घाईत करू नका, कपडे याच पायरीला जातात. वाईनच्या वर थोडी हवा असते. बूच खाली ढकललं की तिला जायला वाट नाही, ती दाबली जाते, आणि बूच सुटलं की वाईन घेऊनच वर उसळते. तुमच्या बुचात भोक आहे हे आता कामाला येईल. दाभण किंवा विणायची सुई त्याच भोकातून आरपार घाला, हवेला वाट होईल. मग रवीचा दांडा उलटा धरून बुचावर टेकवा. बहुतेक रव्यांचा दांडा गळ्यात बसतो, लाटण्याचं टोक अडकतं. बाटली मोरीत ठेवा, तोंडाशी जुना पंचा गुंडाळा, एकाने बूड धरा, दुसऱ्याने वरून वजन टाकत जा. ठोकायचं नाही. पांढरा सदरा घातलेल्या माणसाला लांब बसवा.

आजीची_गाळणी | ७:५२

ओतताना बूच गळ्याशी येऊन बसेल आणि धार बंद होईल, हे कोणी सांगितलं नाही. नारळाच्या झावळीची एक हीर घ्या, ताजी, धुऊन. गळ्यातून आत घालून बूच मागे सारून धरा आणि ओता. कोकणात आहात, हिरांना तोटा नाही.

भुसा पडलेला असणारच, तर चहाच्या गाळणीवर मलमलचा तुकडा घालून गाळा. स्टीलचं पातेलं, काचेचा जग, काहीही चालेल. फक्त हौसेने घरातल्या पितळी तांब्यात गाळू नका. कल्हई उडालेली असते आणि वाईन आंबट. ताक आपण पितळेत ठेवत नाही, तेच कारण.

मीठभाकरी | ७:५४

तुम्हाला कसं कळलं की पितळी तांब्याच काढला होता? ठेवला परत.

अर्धा_कप | ८:१०

काय झालं??

खडूस_आजोबा | ८:१९

मोरीत आहेत सगळे.

मीठभाकरी | ८:४८

उघडली!!

दाभण नव्हतं, दादांच्या बायकोने पोती शिवायची सुई दिली. रवीचा दांडा अगदी बेतात बसला. नवरा बाटली धरून, मी वरून. मिनिटभर काहीच हललं नाही, मग एकदम "गुडुक". सुईच्या भोकातून हवा फुसफुसत आली, कारंजं उडालं नाही, पण शेवटच्या क्षणी मी जोर जास्त दिला आणि घोटभर वाईन पंचाच्या बाजूने निसटून थेट बाबांवर. बाबा "बघू तरी काय करताय" म्हणून नुकतेच मोरीच्या दारात आले होते. पांढरा सदरा अर्थातच त्यांचाच. आई इतकी हसली की खाली बसली.

हिरेची युक्ती एक नंबर. पहिला पेला ओतताना बूच दोनदा आलं, मग हात बसला. मलमल नव्हती, आईच्या जुन्या ओढणीचा तुकडा कापला. चमचाभर भुसा निघाला.

चव. कशी सांगू? वाईट नव्हती. रंग थोडा विटकरी झालाय, वास मनुकांसारखा, आणि शेवटी एक आंबट झाक, आमसुलाचं सार दुसऱ्या दिवशी लागतं तशी. आईने दोन घोट घेऊन पेला बाबांकडे सरकवला आणि सोलकढी मागितली. बाबांनी दोन्ही पेले संपवले. बहिणीला व्हिडिओ कॉलवर आम्ही सगळ्यांनी एका सुरात "अप्रतिम" म्हणून सांगितलंय, तेव्हा तिने हा धागा वाचू नये अशी इच्छा.

नाशिकचा_वारा | ८:५५

अभिनंदन! विटकरी रंग आणि मनुका म्हणजे हवा लागलीय. सुकलेल्या बुचातून हळूहळू जाते, त्यात शोकेसमधली पाच उन्हाळ्यांची उष्णता. पिण्याजोगी निघाली हेच खूप. पुढची बाटली आडवी ठेवा, कपाटात सगळ्यात खाली. आणि नाशकातून घेतलीत तर आट्यांचं झाकण असलेली सहज मिळेल, हाताने फिरवा आणि प्या.

अलफान्सो_परदेशी | ९:०२

जुन्या, ठिसूळ बुचांसाठी इकडे दोन पातळ पात्यांचा ओपनर मिळतो. पाती बूच आणि काच यांच्या फटीत डोलवत उतरवायची आणि पिळत वर घ्यायचं. बुचाला भोकच पडत नाही. बहिणीला पुढच्या खेपेला तो आणायला सांगा.

मीठभाकरी | ९:२०

सांगते, कारण मात्र सांगणार नाही. शेवटचा प्रश्न: आईला रिकामी बाटली घरी शोकेसमध्ये परत ठेवायची आहे. (हो. तिथेच.) पण आतलं बूच खुळखुळतं ते तिला नकोय. काढता येईल का?

आजीची_गाळणी | ९:२७

येईल. पातळ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून गळ्यातून आत सोडा, तोंड बाहेर हातात ठेवा. बाटली उलटी करून बूच पिशवीच्या बाजूला गळ्याशी आणा, उभं बसवा. मग पिशवीत फुंका, ती फुगून बुचाला विळखा घालेल. तोंड आवळून पिशवी सावकाश बाहेर ओढा, बूच बरोबर येतं. भाजीवाल्याकडची पातळ पिशवी मिळाली तर तीच घ्या, जाड पिशवी अडकते.

मीठभाकरी | ९:५१

आलं! दादांनीच ओढलं. आता म्हणतात, आकडा परत खांबाला लावून द्या, सकाळी टॉवेल कुठे वाळत घालणार.