मागच्या भिंतीत फाटक ठेवायचं का?

कुलकर्णी काका (सेक्रेटरी): मागे नवा लेआउट पडतोय. बिल्डर विचारतोय, मधली भिंत सलग घालू की चालत जाण्यापुरतं फाटक ठेवू? रविवारपर्यंत मत कळवा.

मीनल: सलग! उगाच परक्यांची ये-जा कशाला?

सागर: पलीकडची लायब्ररी माझ्या बाल्कनीतून दिसते. काल मोबाइलवर मोजलं. सरळ रेषेत १४० मीटर, रस्त्याने १३००.

मीनल: मग गाडी काढ 😄

सागर: सगळे तेच करतात, म्हणून तर आपल्याला सिग्नलला पंधरा मिनिटं लागतात. वस्तीला एकच तोंड असलं की सगळ्या गाड्या त्याच रस्त्यावर येणार. गल्ल्या एकमेकींना जोडलेल्या असल्या तर एक तुंबली की दुसरीतून निघता येतं.

मीनल: पण बंद गल्लीत मुलं बिनधास्त खेळतात, त्याचं काय?

शिंदे आजोबा: मीनल, ते खरंच आहे. माझी नोकरी नगररचनेत गेली, म्हणून सांगतो. १९२९ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीत रॅडबर्न नावाची वस्ती वसवली ती याचसाठी. मोटारी वाढत होत्या, म्हणून घरांच्या गल्ल्या एका टोकाला बंद ठेवल्या. पण चालणाऱ्यांना वेगळ्या वाटा होत्या, रस्त्याखालून भुयारी मार्गसुद्धा! पुढच्यांनी बंद गल्ली तेवढी उचलली, वाटा विसरले.

सागर: बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी हेच मोजलंय, रस्ते किती जोडलेले आहेत ते. कुठे किती रस्ते मिळतात ते बघायचं: बंद टोक १, तिठा ३, चौक ४. त्यांच्या २०२० च्या अभ्यासात १९७५ नंतर जगभर नव्या वस्त्यांतले रस्ते जास्त तुटक होत गेलेले दिसतात. अमेरिकेत मात्र नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून नवे रस्ते पुन्हा जोडलेले व्हायला लागले.

कुलकर्णी काका: आत्ता भिंत घालू, नंतर पाडता येईल की.

शिंदे आजोबा: नाही हो पडत. एकदा पलीकडे पार्किंग झालं, कुणाची टाकी बसली, की संपलं. १६६६ च्या आगीत लंडनचा मोठा भाग जळला. ख्रिस्तोफर रेन या वास्तुविशारदाने सरळ, रुंद रस्त्यांचा नकाशा काढून दिला. पण मालकांनी आपापल्या जागेवरच घरं बांधली, गल्ल्या बऱ्याचशा जुन्याच राहिल्या. आपली इमारतही कधीतरी रिडेव्हलपमेंटला जाईल, रस्ता मात्र आहे तिथेच राहील.

मीनल: बरं. रात्री कुलूप लागणार का? चावी कुणाकडे?

कुलकर्णी काका: वॉचमनकडे. दहाला बंद, पाचला उघडं.

मीनल: मग माझं हो. पण मधे खांब ठोका, स्कूटर घुसता कामा नये.

शिंदे आजोबा: खांबांमधून व्हीलचेअर गेली पाहिजे. माझी ही कशी जाणार?

सागर: आजोबा, व्हीलचेअर जाते तिथून स्कूटरपण जाते 🙈

कुलकर्णी काका: शनिवारी आठला भिंतीपाशी या सगळे. मी टेप आणतो.

मीनल: आणि आजींची व्हीलचेअरपण आणा.